डाळ-पकवान

परवा आमच्या बदलापुरात, स्टेशनाकडून घरी येण्याच्या वाटेवर, एका उपाहारगृहाची नवी शाखा उघडली. पाटी इतकी झगझगीत की तिच्याखालून जाताना आपल्या सदऱ्याचा मळका कॉलर साऱ्या गावाला दिसत असावा असे वाटून मनुष्याने अंग चोरावे. पाटीवर 'दाल पकवान' ही ठळक अक्षरे आणि त्यांच्याखाली, विद्वानांच्या नावापुढे पदव्या असाव्यात तशी, गावांची रांग: उल्हासनगर, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर. आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याबरोबर होते. त्यांनी चष्मा सावरून ती अक्षरे वाचली आणि मोठ्या आशेने मला विचारले, "पक्वान्न म्हणजे कोणते हो? बासुंदी की श्रीखंड?"

त्यांचा तरी काय दोष? आपल्याकडे पक्वान्न म्हटले की ते गोडच असावयाचे. सिंधी लोकांचे पकवान ही अगदी निराळी वस्तू. मैद्यात जिरे किंवा ओवा आणि तुपाचे मोहन घालून तो घट्ट भिजवावयाचा, पातळ लाटावयाचा, फुगू नये म्हणून सुरीच्या टोकाने जागोजाग टोचावयाचा आणि मंद आंचेवर, मुळीच घाई न करता, कुरकुरीत होईपर्यंत तळावयाचा. पुरी फुगली तर आमच्या घरी गृहिणीचे कौतुक होते. पकवान फुगले तर तेथे तिची नाचक्की होते. त्याच्या जोडीला हरभऱ्याची डाळ. हळद-मिठात शिजविलेली, वर जिरे-मिरचीची फोडणी, चिंचेची आंबटगोड चटणी, हिरवी चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. कोणी डाळ थोडी घोटून घेतात, हे मला ठाऊक आहे. पण ज्या हातची डाळ मी लहानपणी खाल्ली त्या हाताचा नियम असा होता की, बोटाने दाबला तर दाणा चिरडावा, परंतु पातेल्यात मात्र तो अख्खा दिसावा.

त्या हाताची गोष्ट सांगण्यापूर्वी कॅम्पाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ या दिवसाचे. गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी त्या दिवशी नव्या वसाहतीची कोनशिला बसविली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. तोपर्यंत तो नुसता कल्याण कॅम्प होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची ने-आण करण्यासाठी उभारलेल्या बराकी युद्ध संपल्यावर ओस पडल्या होत्या. १९४७-४८ साली सिंधमधून आलेली माणसे तेथे आणून ठेवली गेली. पंजाबाची फाळणी झाली, बंगालची झाली. निम्मा पंजाब आणि निम्मा बंगाल तरी इकडे राहिला. सिंध मात्र अखंडच गेला. म्हणून पंजाबी निर्वासिताला पंजाबात जाता आले, पण सिंध्याला जावयास सिंध असा कोठे उरलाच नव्हता. त्याला मिळाला पाच आकड्यांत विभागलेला कॅम्प. आजही तेथे कोणाचा पत्ता विचारला तर उत्तर येते, 'तीन नंबर', 'पाच नंबर'. नाव मिळून पाऊणशे वर्षे झाली, तरी आकडे काही जात नाहीत.

आम्ही तेव्हा अंबरनाथला राहत होतो. वडील काडेपेटीच्या कारखान्यात कारकून होते. १९६६ साली माझे गणित इतक्या थराला पोहोचले की, शिकवणीवाचून इलाज उरला नाही. वडिलांच्या एका सहकाऱ्याने पाच नंबरच्या कॅम्पातील एका सिंधी मास्तरांचे नाव सुचविले. मास्तर मूळचे सिंधमधील हैदराबादचे. तेथे ते हायस्कुलात गणित शिकवीत. येथे बराकीच्या एका खणात, गोणपाटाच्या पडद्याआड, आम्हां पाच-सहा मुलांना शिकवीत. दर रविवारी सकाळी मी शके ९८२ मधल्या त्या प्राचीन शिवालयावरून, वालधुनी ओलांडून, पायी त्यांच्याकडे जात असे. निघताना आई एकच गोष्ट बजावी, "तिथे पाणीसुद्धा पिऊ नकोस हो."

यात आईचाच दोष होता असे नव्हे. आमच्या चाळीत 'निर्वासित' हा शब्द त्या काळी शिवीसारखा उच्चारला जाई. खोटी वस्तू म्हणजे कॅम्पातली, हे गृहीतच होते. तीच माणसे पहाटेच्या गाडीने पापड, बिस्किटे, कंगवे घेऊन मुंबईस जात आणि रात्री परत येत, हे आम्ही रोज पाहत होतो. पण जे रोज दिसते ते पाहिलेच पाहिजे असा मनुष्याचा नियम नाही.

पहिल्याच रविवारी मास्तरांच्या पत्नीने माझ्यापुढे पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड ठेवला. सिंध्याच्या घरी आलेल्याचे स्वागत असेच होते, हे मला मागाहून कळले. दुसऱ्या रविवारी डाळ-पकवान आले. मी "नको" म्हटले. त्या म्हणाल्या, "पुट, भुकेल्या पोटी हिशेब चुकतो." पुट म्हणजे बाळ. वास असा होता की नकाराला फार वेळ तग धरणे शक्य नव्हते. मी खाल्ले. घरी आल्यावर आईने विचारले, "काही घेतले नाहीस ना?" मी म्हटले, "नाही." पुढे जवळजवळ दोन वर्षे हा प्रश्न आणि हे उत्तर दर रविवारी नेमाने होत राहिले. माझे गणित सुधारले, आणि खोटे बोलणेही.

मास्तरांविषयी एक आठवण सांगतो. १९६७ च्या एप्रिलात सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. त्या रविवारी मास्तरांनी आम्हांला एकही उदाहरण घातले नाही. फळ्यावर त्यांनी उजवीकडून डावीकडे आपल्या लिपीत एक ओळ लिहिली आणि बराच वेळ ते तिच्याकडेच पाहत बसले. आम्हांला ती वाचता आली नाही, हे साहजिकच होते. पण भिंतीशी बसलेल्या त्यांच्या स्वतःच्या नातवालाही ती वाचता आली नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत मास्तरांच्या पत्नी अचानक आमच्या घरी आल्या. एका हातात डाळीचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली पकवानांची चळत. आईने त्यांना पाट दिला आणि आपल्या हिंदीत, म्हणजे मराठीलाच थोडे घाबरवून सोडले असता जी भाषा होते तीत, "बैठो, बैठो" म्हटले. त्या कौतुकाने बोलत होत्या, "आपका बेटा बहुत होशियार है. चार-चार पकवान खाता है हमारे यहाँ!" आईने माझ्याकडे पाहिले. ती हसत होती. पाहुणीसमोर हसावेच लागते. तिने डाळ आपल्या पातेलीत ओतून घेतली आणि रिकामे भांडे परत करू नये या रीतीप्रमाणे त्यांच्या डब्यात दोन मुठी साखर घातली. फराळाचे ताट मात्र तिने पुढे केले नाही. चकली, करंज्या, लाडू, सारे फडताळात होते, आणि ते तेथेच राहिले. त्या बाई दारातून बाहेर पडताना एकदा घराकडे वळून पाहिले, हे मला अजून दिसते. त्यांना समजले होते.

रात्री ती पातेली मागच्या ओट्यावर गेली. सकाळी ती घासून पालथी घातलेली होती. भांडी घासणाऱ्या बाईने नेले असेल असे मी धरून चाललो. आई मला एका शब्दाने बोलली नाही; बोलली असती तर बरे झाले असते. पुढच्या रविवारी मी शिकवणीला गेलो नाही. पोट दुखत असल्याचे सांगितले. मग दुसऱ्या रविवारीही गेलो नाही. मास्तर काही वर्षांनी वारल्याचे कळले, तेव्हाही गेलो नाही. त्यांच्या पत्नी आपल्या पुतण्याच्या गाडीसाठी पकवाने तळून देतात, एवढे कोणीतरी सांगितले होते. पुढे त्यांचा ठावठिकाणा राहिला नाही.

त्या गाड्यांचे पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. मुंबईत कुलाब्याला 'कैलाश पर्बत' नावाचे उपाहारगृह आहे. त्याचे संस्थापक मूलचंदानी बंधू कराचीला पाणीपुरी विकत असत; फाळणीनंतर इकडे येऊन १९५२ साली त्यांनी कुलाब्यास दुकान मांडले, आणि आज त्याच्या शाखा थेट सिंगापुरापर्यंत गेल्या आहेत. शीवच्या 'गुरुकृपा'चे समोसे मुंबईच्या चित्रपटगृहांत पोहोचले. कल्याणपलीकडच्या आमच्या या तीन गावांत त्याच गोष्टीच्या धाकट्या आवृत्त्या निघत असतात: आधी टोपली, मग गाडी, मग गाळा, मग पाटी, मग पाटीवर गावांची रांग. मास्तरांच्या नातवाला लिपी वाचता येत नव्हती. त्याच्या मुलांना भाषाही धड येत असेल की नाही याची शंका आहे. पण पकवानाची पाटी मात्र शाखेमागून शाखा पुढे सरकत आहे. कधी वाटते, प्रांत गेला म्हणूनच त्यांनी ताट इतके घट्ट धरून ठेवले. आमचा कोकणातला गाव जागच्या जागी आहे, आणि आमच्या आजीच्या हातची सांदणे आज घरात कोणाला करता येत नाहीत.

मात्र चार माणसांची डाळ आणि चार शाखांची डाळ एक नव्हे. चौघांसाठी शिजविणारी बाई पातेल्याशेजारी उभी असते. दाणा मऊ झाला की त्याच क्षणी ती पातेले उतरविते. शाखांसाठी डाळ एका जागी मोठ्या हंड्यांत शिजते, गाडीतून येते, पुन्हा तापते. मी तिला नावे ठेवीत नाही. पन्नास वर्षांत ज्या मराठी घरांनी कॅम्पातले पाणी प्यायले नसते, ती घरे आज सहकुटुंब तेथे बसून खातात, हे काम हंड्यांनीच केले; मास्तरांच्या पत्नीच्या पातेल्याने ते झाले नसते.

दहा वर्षांपूर्वी आई शेवटच्या दुखण्यात होती. अन्नावरची वासना गेली होती. काय खावेसे वाटते असे विचारले की ती मान हलवी. एके दिवशी मात्र ती आपण होऊन म्हणाली, "त्या मास्तरणीची डाळ मिळेल का रे?" मला वाटले, वातात बोलते आहे. तरी मी गाडी पकडून उल्हासनगरला गेलो, नावाजलेल्या दुकानातून डाळ आणली आणि ऊन करून चमच्याने तिला भरविली. तिने दोन चमचे घेतले, जिभेवर घोळविले आणि तोंड बाजूला केले.

"ही नव्हे," ती म्हणाली. "हिचा दाणा मोडलाय. तिचा अख्खा होता."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. अठ्ठेचाळीस वर्षे मी ती पातेली भांडीवालीच्या हाती दिली होती. आईने डोळे मिटून घेतले होते, आणि मला पुढे काही विचारता आले नाही. तिला विचारावयाचे होते ते माझे मलाही विचारता आले असते. पाच नंबरचा कॅम्प आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता.

परवा त्या नव्या शाखेत शेजारच्या गृहस्थांना घेऊन मी शिरलो. वाढणाऱ्या पोराला विचारले, "काय रे, डाळ येथेच शिजविता का?" तो म्हणाला, "नाही काका, उल्हासनगरहून तयार येते. आम्ही फक्त गरम करतो." ताटल्या आल्या. पकवान उत्तम होते, फुगलेले नव्हते. शेजाऱ्यांनी पहिला तुकडा मोडताच तो असा वाजला की ते दचकले; मग त्यांनी चिंचेची चटणी चाखली आणि बासुंदीचे दुःख विसरून दुसरे ताट मागविले. मी माझी डाळ चमच्याने बाजूला सारून एखादा अख्खा दाणा मिळतो का ते पाहत होतो.