मिमी, दोन ठोक्यांच्या मधे

मिमी पार्कर उभी राहून ड्रम वाजवायची. पुढ्यात एक स्नेअर, एक फ्लोअर टॉम, एक सिम्बल. एवढंच. पायाने धडधडवायचा बेस ड्रम नाही, बसायला स्टूल नाही, वाजवणाऱ्याला चहूबाजूंनी झाकून टाकणारा तो चकचकीत डोलाराही नाही. हातात काठ्यांऐवजी बहुतेक वेळा ब्रश असायचे, तारांचे पातळ झुबके. देवघरातल्या समईची वात पुढे सारावी इतक्या बेताने ती तो ब्रश स्नेअरवरून सरकवायची आणि थांबायची. पुढचा ठोका कधी पडणार हे तिला ठाऊक असायचं. खाली उभे असलेले आम्ही सगळे मात्र तिच्या मनगटाकडे डोळे लावून असायचो.

ते थांबणं आता कुठेच मिळणार नाही.

५ नोव्हेंबर २०२२ ला ती गेली. अंडाशयाचा कर्करोग. वय पंचावन्न. तिच्या नवऱ्याने, ॲलन स्पारहॉकने, बातमी कळवताना सगळ्यांना विनंती केली होती: तिचं नाव जवळ ठेवा, पवित्र ठेवा. मी ते जवळ ठेवलं आहे. पण नाव जवळ ठेवायचं म्हणजे नेमकं काय ठेवायचं, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. ‘लो’ या त्यांच्या बँडचे तेराच्या तेरा अल्बम माझ्याकडे आहेत. तिचा आवाज हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येतो. तरीही काहीतरी कायमचं गेलंय, आणि जे गेलंय ते कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं.

डुलुथ हे सुपीरिअर सरोवराच्या काठावरचं बंदराचं गाव. लोखंडाचं खनिज भरून मोठमोठी जहाजं इथून निघतात, आणि हिवाळा असा की मिनेसोटातली माणसंसुद्धा डुलुथच्या थंडीचं नाव काढून खांदे आक्रसतात. या गावात १९९३ मध्ये ॲलन आणि मिमीने बँड काढला. दोघं शाळकरी वयापासूनची ओळखीची, उत्तर मिनेसोटातल्या क्लिअरब्रूक नावाच्या चिमुकल्या गावातली. लग्न झालेलं, दोघं मॉर्मन पंथाचे, श्रद्धाळू. आणि ते साल बघा. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन ही नावं अमेरिकेतल्या पोराटोरांच्या तोंडी होती. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय, तर कडवं दबक्या आवाजात आणि ध्रुवपदाला ॲम्प्लिफायर फाटेस्तोवर. ही युक्ती पिक्सीजची, आणि कर्ट कोबेनने तिचं सोनं केलं. त्याच्यावरही माझं प्रेम आहे. पण सोन्याचा भाव कळला की सगळेच खाण खणायला धावतात. दोनेक वर्षांत रेडिओवर प्रत्येक गाणं एकाच जागी, एकाच तऱ्हेने फुटायला लागलं.

अशा वेळी हे दोघं म्हणाले, आपण फुटायचंच नाही. ॲलनने पुढे सांगितलं होतं की सुरुवात जवळजवळ गमतीतून झाली: या दणदणाटाला सोकावलेल्या गर्दीपुढे अगदी हळू, अगदी संथ वाजवलं तर काय होईल? ‘आय कुड लिव्ह इन होप’ हा पहिला अल्बम १९९४ च्या फेब्रुवारीत आला. क्रेमर नावाच्या निर्मात्याने तो ध्वनिमुद्रित केला. प्रत्येक गाण्याचं शीर्षक एकाच शब्दाचं, आणि एकेक सूर असा सोडलेला की पुढचा यायच्या आत आधीचा पूर्ण विरून जातो. समीक्षकांनी या संगीताला ‘स्लोकोअर’ असं लेबल डकवलं. बँडला ते कधीच आवडलं नाही आणि मलाही आवडत नाही. संथपणा हा त्यांचा प्रकार नव्हता, ती त्यांची मागणी होती. ते आपल्याकडे आपला वेळ मागत होते.

त्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट त्यांचे चाहते एकमेकांना सांगत आले आहेत. बारमध्ये कार्यक्रम असायचा, लोक बिअरचे ग्लास घेऊन गप्पा हाणत असायचे. कुठलाही बँड अशा वेळी आवाज वाढवतो. ‘लो’ आवाज कमी करायचे. गप्पा वाढल्या की आणखी कमी. शेवटी बोलणाऱ्यांना आपलाच आवाज ऐकू यायला लागायचा आणि ते गप्प व्हायचे. लाइव्ह शोबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते सगळं या एका कृतीत आहे. आवाजाने गर्दीवर मात करणं हे काम ॲम्प्लिफायरसुद्धा करतो. गर्दीला स्वतःहून शांत व्हायला लावायला माणूस लागतो.

मी नोकरीपायी काही वर्षं मिनियापोलिसला होतो. तिथे त्यांना ऐकायची संधी मिळाली, आणि प्रत्येक वेळी मी पुढे, मिमीच्या बाजूला उभा राहिलो. रॉकच्या कार्यक्रमात पुढे उभं राहणं म्हणजे एरवी धक्के, घाम, कानात दोन दिवस टिकणारी शिट्टी. इथे पुढे उभं राहिलं की वेगळंच काही कानावर यायचं. एकदा ‘लेझर बीम’ चालू असताना मागच्या बारमधल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला. शेकडो माणसं होती त्या हॉलमध्ये, आणि ती घरघर सगळ्यांना ऐकू आली. बारमागच्या मुलीने बर्फाचं फावडं हातातच धरून ठेवलं होतं. बर्फ ग्लासात टाकला तर आवाज होईल म्हणून. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. मिमी डोळे अर्धवट मिटून गात होती, आवाज जराही न चढवता. ते अख्खं गाणं तिच्या गळ्यावर आणि गिटारच्या चार स्वरांवर उभं आहे. ती गायची थांबली तरी काही क्षण कुणी टाळी वाजवली नाही. मग वाजली, आणि मला ती नकोशी झाली.

आपल्या कानाला हे समजायला फारसं अवघड जाऊ नये. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला समेची वाट बघण्यातलं सुख शिकवावं लागत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र मांडी घालून बसलेल्या पुणेकरांना मी डुलुथच्या या जोडप्याची गाणी ऐकवली आहेत. त्यांना गिटार परकी वाटली, लय नाही. पण साम्य तेवढंच; ते मी ताणणार नाही. ख्यालात वाट बघितल्यावर सम येते आणि आपण सुटतो, दाद देतो. मिमीचा ठोका पडला तरी सुटका व्हायची नाही. पुढची वाट तिथूनच सुरू व्हायची.

तिच्या उभं राहून वाजवण्याची तुलना नेहमी व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या मॉरीन टकरशी होते. ती रास्त आहे, दोघींनीही रॉकच्या ड्रममधला पहिलवानी बाज काढून टाकला. पण मॉरीन वाजवत राहायची, अथक. मिमी न वाजवण्यात तरबेज होती. शिवाय ती गायची. ॲलनचा आवाज कष्टाचा, ताणलेला, कधी कधी रागीट. तिचा आवाज त्याच्या किंचित वर, सरळ, कंपाशिवाय, चर्चमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या बाईचा असावा तसा निगर्वी. दोन आवाज एकमेकांत मिसळले की कोण कुठे संपतं हे कळायचं नाही. अशी जुळणी सरावाने येत नाही, ती एका घरात वर्षानुवर्षं राहून येते.

आणि ते खरोखरच एका घरातले होते. १९९९ चा ‘सीक्रेट नेम’ आणि २००१ चा ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ हे दोन्ही अल्बम स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केले. अल्बिनीचं तत्त्व साधं होतं: बँड खोलीत जसा वाजतो तसा टिपायचा, त्याला सजवायचं नाही. म्हणून ‘लो’ प्रत्यक्ष कसे वाजायचे हे ज्याने कधी पाहिलं नाही त्याला मी हे दोन हातात देतो. दुसऱ्याच्या शेवटी त्या घरातलंच एक गाणं आहे, ‘इन मेटल’. मुलगी हॉलिस नुकतीच जन्मली होती. अमेरिकेत बाळाचे पहिले बूट धातूत मढवून ठेवायची रीत होती. या गाण्यातल्या आईला अख्खं बाळच तसं मढवून ठेवावंसं वाटतं, कारण ते दिवसागणिक वाढतंय आणि हातातून निसटतंय. २००१ मध्ये ते मला गोड वाटायचं. आता ते ऐकताना मधेच बंद करावं लागतं, कारण ज्याला जपून ठेवायचं ते बाळ राहिलं आणि आई गेली.

संथ म्हणजे गरीब, असं ज्यांना वाटलं त्यांना १५ जून २०१३ ने उत्तर दिलं. मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरच्या हिरवळीवर ‘रॉक द गार्डन’ हा मोठा उत्सव होता, पाऊस पडून गेलेला, लोक उन्हाळ्याच्या सहलीला आल्यासारखे. ‘लो’ मंचावर आले आणि त्यांनी एकच गाणं वाजवलं: १९९६ चं ‘डू यू नो हाउ टू वॉल्ट्झ’, सत्तावीस मिनिटं, जवळजवळ एकाच गुंजणाऱ्या सुरावर. शेवटी ॲलनने ड्रोन विमानांच्या युद्धाविरुद्ध तीन शब्द उच्चारले आणि ते उतरले. लोक भडकले. पैसे देऊन आलोय, गाणी कुठायत? रेडिओवर, वर्तमानपत्रांत वाद झाला. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे: तिकीट काढल्याने आवडीची गाणी ऐकायचा हक्क विकत मिळत नाही. तिकीट म्हणजे त्या माणसांनी त्या दिवशी जे खरं वाटलं ते करावं आणि आपण तिथे असावं, इतकंच. त्या सत्तावीस मिनिटांतून पुढे मिनियापोलिसला एक वार्षिक कार्यक्रम उभा राहिला, अठ्ठावीस तास अखंड ड्रोन संगीताचा, म्हणजे अशाच गुंजत राहणाऱ्या सुरांचा, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या मदतीसाठी. भडकलेल्यांना काय मिळालं ते त्यांना ठाऊक.

जुन्या चाहत्यांशी माझं भांडण शेवटच्या दोन अल्बमवरून होतं. त्यांना १९९४ ची शांतता परत हवी असते. मी म्हणतो, ‘डबल निगेटिव्ह’ (२०१८) हा त्यांचा सगळ्यात धाडसी अल्बम आहे आणि ‘हे व्हॉट’ (२०२१) सगळ्यात सुंदर. बी. जे. बर्टन या निर्मात्याबरोबर त्यांनी आवाज कुरतडला, फाडला, करपवला. पंचवीस वर्षं जपलेली शांतता त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली, आणि त्या पडझडीत आवाज तेवढे दोन ठेवले. ‘डेज लाइक दीज’ सुरू होतं ते फक्त दोघांच्या गळ्याने, लख्ख. मग अचानक सगळं विकृत होऊन कानावर कोसळतं, आणि त्याखालूनही मिमी त्याच सरळ सुरात गात राहते. ‘हे व्हॉट’मध्ये ड्रम जवळपास नाहीतच. ज्या बाईने ठोके कमी करत करत आयुष्य काढलं तिने अखेर तेही खाली ठेवले.

तिचं निदान २०२० च्या डिसेंबरात झालं होतं, आणि लोकांना तिने ते २०२२ च्या सुरुवातीला सांगितलं. म्हणजे ‘हे व्हॉट’ आला तेव्हा ती आजारी होती आणि आम्हाला माहीत नव्हतं. कळल्यावर मी तो अल्बम पुन्हा ऐकला आणि त्यात मृत्यू शोधायला लागलो. मग ते थांबवलं. तिने मृत्यूबद्दल आजारपणाच्या कितीतरी आधीपासून, धडधाकट असताना, श्रद्धेने गायलं होतं. २०१३ चं ‘होली घोस्ट’ ऐका. ते पुढे मेव्हिस स्टेपल्सने गायलं, आणि गॉस्पेलमध्ये आयुष्य घालवलेल्या त्या बाईच्या गळ्यात ते गाणं उपरं वाटलं नाही. उपचार चालू असताना मिमी २०२२ मध्ये युरोपचा दौरा करून आली. नंतरचे कार्यक्रम रद्द होत गेले. शेवटचा झाला तो सप्टेंबरात, डुलुथमध्येच, सरोवराकाठी. मी तेव्हा भारतात परतलो होतो.

आता शो पाहायला जातो तेव्हा गर्दीत फोन वर झालेले असतात, गप्पा चालू असतात, आणि मंचावरचे आवाज वाढवतात. मी कुणाला दटावत नाही. पण गाण्यांच्या मधल्या फटीत कान टवकारले जातात. एखादा ड्रमर हात वर धरून क्षणभर रेंगाळला की छातीत काहीतरी आवळतं. तो ठोका लगेच पडतो. प्रत्येकाचा लगेच पडतो.

‘लो’ संपलं. ॲलनने ते नाव पुढे चालवलं नाही, आणि याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. २०२४ मध्ये त्याने ‘व्हाइट रोझेस, माय गॉड’ काढला. त्यात त्याने आपला आवाज यंत्रातून पिळून इतका बदलला की ओळखू येऊ नये. ड्रम मशीनचे, सिंथचे तुकडे, मधून फुटणारे शब्द. अनेकांनी नाक मुरडलं. मला वाटतं, तीस वर्षं ज्या आवाजाला दुसऱ्या आवाजाची सोबत होती तो एकटा, उघडा कसा गाईल? पुढच्या वर्षी ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ या डुलुथच्याच बँडबरोबर केलेल्या अल्बममध्ये तो आपल्या खऱ्या आवाजात परतला. त्यात ‘नॉट ब्रोकन’ नावाचं गाणं आहे आणि त्याच्याबरोबर हॉलिस गाते, ‘इन मेटल’मधली तीच मुलगी, आता मोठी झालेली. ऐकणारे लगेच म्हणाले, हुबेहूब आईचा आवाज. मला ते पटत नाही. हॉलिसचा आवाज थोडा भरड आहे, शब्दाच्या शेवटी तो खाली टेकतो; मिमीचा कधी टेकायचा नाही. तिला तिच्याच नावाने ऐकू या.