साच्यातला तंबोरा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मंडळींमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाद धुमसतो आहे. महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरणाऱ्या आम्हां दोघांचा त्या वादाशी वरकरणी काडीचाही संबंध नाही. तरीही तो आमच्या घरात शिरला, आणि शिरला तो एका माजी विद्यार्थ्याच्या पाठीवरच्या पिशवीतून. हा मुलगा पेणचा. बी. ए.ला मराठी घेऊन बसला, व्याकरणात रडतखडत पास झाला, आणि आता लग्नसराईत नि नवरात्रात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. पूर्वी त्याच्यापाशी पायाने दाबायच्या सात-आठ डब्या होत्या. त्यांना पेडल म्हणतात. एक डबी सूर फाडते, एक प्रतिध्वनी देते, एक त्याला हेलकावे देते. त्या साऱ्यांतून निघालेला आवाज शेवटी काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या एका अवजड अ‍ॅम्पमध्ये जायचा. हे बिऱ्हाड घेऊन दिवा-रोहा गाडीत चढणे म्हणजे काय, हे त्या गाडीने रोज पेण ते रोहा जाणाऱ्या आमच्यापैकी एकाला ठाऊक आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने ते सगळे विकले आणि जाडजूड पुस्तकाएवढे एक चपटे यंत्र घेतले. त्यात, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, शंभर अ‍ॅम्प आणि दोनशे पेडल आहेत. म्हणजे ती नाहीत. त्यांच्या वागण्याचे गणित आहे.

या गणिताचा इतिहास त्यानेच आम्हांला ऐकवला. १९९५ साली रोलँड या जपानी कंपनीने व्हीजी-८ नावाचे यंत्र आणले. त्यात खऱ्या गिटारींचे नि अ‍ॅम्पचे ध्वनी आकडेमोडीने उभे केले होते. १९९८ साली लाइन सिक्स या अमेरिकी कंपनीचा पॉड आला, लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, आणि घरोघरच्या टेबलांवर जाऊन बसला. २०११ साली जर्मनीतल्या केंपरने निराळीच युक्ती काढली. त्यांचे यंत्र खऱ्या अ‍ॅम्पमध्ये आपले काही ठरावीक आवाज सोडते, बाहेर काय आले ते मायक्रोफोनने ऐकते, आत काय गेले नि बाहेर काय आले यांतला फरक टिपून ठेवते आणि पुढे तोच फरक तुमच्या गिटारीला लावते. त्या क्षणी त्या अ‍ॅम्पच्या खुंट्या जिथे असतील तिथला तो अ‍ॅम्प तुमच्या हाती येतो. खुंटी फार फिरवलीत तर पुढचे यंत्राने बांधलेले अनुमान असते.

बदलाचे कारण विचारले तेव्हा आम्हांला वाटले, तो वजनाचे सांगेल. त्याने सांगितले ते शेजाऱ्यांचे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आपल्या ताकदीच्या काठावर गेला म्हणजेच खरा बोलू लागतो. हळू लावला तर मुकाच राहतो. पेणच्या चार मजली सोसायटीत त्या काठावर गेले की दुसऱ्या मिनिटाला दाराची घंटा वाजते. म्हणजे त्याच्यापाशी उत्तम अ‍ॅम्प होता, पण त्याचा उत्तम आवाज वर्षातून आठ-दहा रात्रीच, तोही मांडवातल्या गोंगाटात, त्याच्या वाट्याला यायचा. आता तो आवाज रात्री अकरा वाजता कानांवर हेडफोन चढवून मिळतो. या युक्तिवादात आम्हांला काही खोट सापडली नाही.

एवढ्यावर विषय संपायचा. पण निघताना त्याने कोपऱ्यातल्या गवसणीकडे पाहिले आणि सहज म्हणाला, "सर, मॅडम, तुमच्या तंबोऱ्याचंही हेच झालंय ना?"

झाले आहे खरे. गवसणीतला तंबोरा मिरजेचा. आत्याकडून आलेला. ती रोह्याला गाणे शिकवत असे, आणि आम्हां दोघांची गाण्याशी जी काही ओळख आहे ती तिच्या ओसरीवरची. तंबोरा कसला असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको, तरी कोकणात तो पाळणे म्हणजे काय हे सांगायला हवे. भोपळा हे फळ, दांडी आणि तबली हे लाकूड, तारा पोलादाच्या नि पितळेच्या. यांतले प्रत्येक द्रव्य पावसाळ्यात आपापल्या स्वभावाप्रमाणे वागते. लाकूड फुगते, खुंट्या आवळतात, पोलादाला गंज धरतो, भोपळ्यावर बुरशीची पांढरी साय येते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमचा तंबोरा सुरात लावायला अर्धा तास लागे आणि तो सुरात राही दहा मिनिटे. तशात जवारी गेली, म्हणजे घोडीवरचा तो किंचित उतार तारांच्या घासण्याने झिजून गेला, तर ती काढून देणारा हात पेण-रोह्यात आमच्या माहितीत नाही. मिरजेला जावे लागते.

जवारी हे प्रकरण नुसत्या कारागिरीचे नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तंबोऱ्याचे आश्चर्य नोंदले आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा निश्चल बिंदू येतो, ते स्वरांश उमटू नयेत, असा युरोपातला जुना नियम. तंबोरा तो पाळत नाही. तार त्या रुंद, उतरत्या घोडीला दर कंपनात घासत राहते आणि जे उमटू नये तेही उमटते. म्हणूनच खर्जाच्या तारेतून, कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो. तो खर्जाचा पाचवा स्वरांश. पेटीवरचा गंधार त्याहून थोडा चढा असतो. आत्या हा गंधार ऐकू येईपर्यंत गायला सुरुवात करू देत नसे. कधी कधी तो यायचाच नाही, मग त्या दिवशी नुसतीच तारा लावण्याची शिकवणी व्हायची. तेव्हा आम्हांला ते फार कंटाळवाणे वाटे.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला १९७९ साली, बंगळुरात. जी. राज नारायण हे अभियंता आणि बासरीवादक. त्यांनी तो बनवला आणि पुढे रॅडेल या नावाने त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. म्हणजे गिटारवाल्यांच्या पॉडच्या जवळजवळ वीस वर्षे आधी आमच्या संगीताने हा मार्ग धरला होता. आपण सनातनी असल्याचा जो बोभाटा आहे, त्याला हे धरून नाही. सुरुवातीच्या पेट्यांचा आवाज डब्यात भुंगा कोंडल्यासारखा होता. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण करून तेच आत भरू लागले, आणि आता तर फोनवर काळी एक म्हणा की काळी चार, बोट लावले की तयार. आमच्या घरी डबा आला तो २००८ मध्ये, भारनियमनाच्या दिवसांत, विजेवर नि बॅटरीवर दोन्हींवर चालणारा. आता डबाही माळ्यावर आहे आणि त्याचे काम फोन करतो.

या जागी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही, कारण आम्ही पेणचे. पेण हे साच्यांचे गाव. इथल्या नि हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या कारखान्यांत वर्षभर गणपती होतात. मूळ मूर्ती एखादा हाताचा कसबी मूर्तिकार घडवतो, तिचा रबराचा साचा निघतो, आणि त्या साच्यातून पुढे हजारो निघतात. या गणपतींना कुणी खोटे म्हणत नाही, आणि म्हणू नयेच. केंपरचे यंत्र काय करते हे त्या मुलाने सांगितले तेव्हा आम्हांला ते ताबडतोब समजले ते यामुळेच. तो साचाच आहे, फक्त आवाजाचा. आमच्या फोनमधला तंबोराही साच्यातला. कुठल्याशा कोरड्या शहरात, बंद खोलीत, कुणीतरी उत्तम जवारीचा तंबोरा उत्तम लावला, आणि त्या घटकेचा साचा निघाला. त्या घटकेनंतर त्या तंबोऱ्यावर पाऊस पडलेला नाही. आमचा तंबोरा जुलैत कधीही असा वाजला नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. म्हणजे आमच्या रियाझातून या साच्याने पहिली गोष्ट काढून घेतली ती पावसाळा. त्याबद्दल आमची तक्रार नाही. चार महिने गाणे बंद ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच्या कोरड्या हवेत गाणे बरे.

मात्र कारखान्यात आणखी एक टप्पा असतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीला रंग चढतो आणि अखेरीस डोळ्यांची आखणी होते. ती हाताने होते, एकेका मूर्तीची. आखणी करणारे मोजके असतात, त्यांचा मान निराळा असतो, नि हंगामात त्यांना जेवायला फुरसत नसते. साचा एकच असून दोन गणपती सारखे दिसत नाहीत ते त्या दोन-चार रेषांमुळे. आम्ही त्या मुलाला विचारले, तुझ्या यंत्रात आखणी कुठे आहे? त्याने क्षणभरही न थांबता दोन्ही हातांची बोटे दाखवली.

त्याचे बरोबर आहे. गिटारवाल्याने अ‍ॅम्प काढला, पेडल काढली, पण वाजवणारा काढला नाही. तार आजही त्याच्याच बोटाखाली आहे. तीच खेच, तीच घसरण, तोच चुकार स्पर्श त्या गणितात आत जातो नि बाहेर येतो. तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र डब्यात वाद्य गेले त्याबरोबर वादकही गेला. गायकाच्या मागे मांडीवर तंबोरा घेऊन जो बसे, तो बहुधा शिष्य असे. त्याला गायचे नसे, किंवा गुरूने खूण केली तर एखादा सूर भरायचा असे. तास-दोन तास चार तारा छेडत राहणे एवढेच त्याचे काम. पण त्या जागेवरून गुरूचा श्वास दिसे, पाठीचा ताठा दिसे, एखादी जागा घेण्याआधी मान कशी वळते ते दिसे. शिवाय मध्येच जोड उतरली तर ती आधी त्याच्या कानाला टोचली पाहिजे, गायकाच्या नव्हे. आमच्या आत्याने शिकवलेल्या गाण्यातले फार थोडे आता आमच्या गळ्यात उरले आहे. तिच्या मागे बसून जे कानात गेले ते बरेचसे शाबूत आहे. ती जागा फोनने रद्द केली. मोठ्या मैफलींत अजून दोन खरे तंबोरे नि त्यांच्यामागे शिष्य बसतात, आणि बहुतेक वेळा एक डबाही खाली गुपचूप वाजत असतो. घरगुती शिकवणीत मात्र गुरू, शिष्य आणि समोर भिंतीला टेकवलेला फोन एवढेच असते.

दुसरे एक हळूहळू ध्यानात आले. फोनचा तंबोरा कधी उतरत नाही, आणि म्हणूनच पाच-दहा मिनिटांत तो ऐकू येईनासा होतो. पंख्याची घरघर जशी ऐकू येत नाही तसा. खऱ्या तंबोऱ्यात कुणाचे तरी बोट असते, ते प्रत्येक फेऱ्यात किंचित पुढेमागे, किंचित जड-हलके पडते. कान जागा ठेवायला तेवढे पुरते. त्या मुलाने याला जोड दिली. म्हणाला, पेडलच्या खुंट्या वर्षानुवर्षे फिरवून मला कळले की कुठली काय करते. आता नवी पोरे यंत्र उघडतात, तयार दोनशे आवाज एकामागून एक ऐकतात आणि जेवायला जातात. नव्या पोरांविषयी तिशीतल्या माणसाने असे बोलावे याचे हसू आले, पण मुद्दा खोटा नाही.

आमच्याकडे रविवारी पाच मुली गाणे शिकायला येतात. दोघी नागोठण्याहून, एक कासूहून, दोघी गावातल्या. त्यांच्यापैकी एकीच्याही घरी तंबोरा नाही आणि यायचा संभवही नाही. त्याची किंमत, आकार, दोन खोल्यांच्या घरातली जागा, सगळेच आड येते. फोन मात्र घरात आहे. तो नसता तर त्या आठवडाभर कुठल्या सुरात गायल्या असत्या? पेटीच्या, किंवा कुठल्याच नाही. तेव्हा साच्यातल्या तंबोऱ्याविरुद्ध बोलणाऱ्याने आधी या मुलींना उत्तर द्यावे. आमच्यापाशी ते नाही, आणि तसे बोलण्याची आमची इच्छाही नाही. त्या मागची जागा तेवढी त्यांना कशी द्यायची, हा आमचा प्रश्न आहे.

सध्या असे चालते. कोजागिरीला गवसणी निघते आणि होळीपर्यंत तंबोरा बाहेर राहतो. त्या महिन्यांत दर रविवारी पाचांपैकी एक मुलगी गात नाही. ती मागे बसून तंबोरा धरते. पहिली वीस मिनिटे तिने तो लावायचा आणि बाकीच्यांनी थांबायचे. पहिल्या वर्षी याला विरोध झाला, एका पालकांनी तर फी गाण्याची देतो की वाट पाहण्याची, असे विचारले. प्रश्न रास्त होता. त्या मुलीचा तंबोऱ्याचा रविवार आम्ही बिनफीचा केला. कासूची मुलगी मात्र आता दुसरीचा रविवार मागून घेऊ लागली आहे. तिला मणी सरकवून गंधार काढता येतो. आला की ती काही बोलत नाही, नुसती छेडत राहते, आणि बाकीच्या आपोआप गप्प होतात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बातमी वाचून बरे वाटले. पण मानांकनाने गिऱ्हाईक येते का, हे तिथल्या कारागिरांनाच विचारले पाहिजे. तशी संधी लवकरच आहे. आमच्या तंबोऱ्याची जवारी पुन्हा गेली आहे, खर्जाची तार नुसती झणझणते. येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, तो मिरजेला न्यायचा ठरवले आहे. गाडीत त्याला कुठे ठेवायचे याची चर्चा घरात रोज होते. तो मुलगा म्हणतो, अ‍ॅम्प नेण्याची सवय आहे, मी येतो बरोबर.