संत्र्याची साल

रात्री अकराला लेकीचा कॉलेजमधून व्हिडिओ कॉल. "बाबा, कॅल्क्युलस सोडतेय." तीन आठवड्यांनी धड बोलत होती, त्यामुळे मी लगेच वही उघडली.

पॅरामेट्रिक समीकरणांचं गणित होतं. क्ष म्हणजे त्रिज्या गुणिले कोसाइन, य म्हणजे त्रिज्या गुणिले साइन, कोन शून्य ते पाय. हे अर्धवर्तुळ क्ष-अक्षाभोवती फिरवलं की गोल होतो, त्याचं पृष्ठफळ काढायचं. मी ऐटीत गोलाच्या बांगड्यांसारख्या पट्ट्या पाडल्या, परीघ गुणिले क्ष-अक्षावरची रुंदी केलं, बेरीज घेतली. त्रिज्येच्या वर्गाच्या ९.८७ पट.

"पुस्तकात ४ पाय आहे. म्हणजे १२.५७."

चूक माझीच. पट्टी तिरपी असते. तिची रुंदी अक्षावर नाही, वक्रावरून मोजायची. ती आहे त्रिज्या गुणिले कोनातला बारीक बदल. तेवढं बदललं आणि ४ पाय आलं. बाबाही चुकतो म्हटल्यावर ती हसली.

"पण बरोबर ४च का?"

म्हटलं, संत्रं आण. मधोमध काप, अर्ध्या भागाभोवती कागदावर ४ वर्तुळं काढ, साल बारीक तोडून त्यांत भर. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हाच नियम आहे, चेंडूवरच्या जाळ्याची उपमा देऊन. तिची तीन वर्तुळं भरली, चौथं थोडं उरलं. एक तुकडा टेबलाखाली सापडला.

विषय सोडायची मुदत शुक्रवारी होती. शनिवारी पुन्हा कॉल आला, शंकूबद्दल विचारायला.