रविवारची माणसं

जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा राजेरजवाडेच येतात. दूर कशाला, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते आणि सोनं लुटायला आलेली माणसं सोनं विसरून गाडीकडे बघत राहतात. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी शंभरावर जुन्या गाड्यांचं संग्रहालय उभं केलं. ते उद्योगपती होते. तिकडे अमेरिकेत जे लेनो हा टीव्हीवरून लोकांना हसवणारा गृहस्थ गाड्या जमवतो, आणि ‘पिंक फ्लॉइड’मधला ड्रमवादक निक मेसन फेरारी 250 जीटीओ बाळगून आहे. असं काही वाचलं की वाटतं, जुनी गाडी म्हणजे ज्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते त्याचं काम.

आमच्या घरी लक्ष्मी पाणी भरत नाही. आमच्या नळालाच पाणी दिवसाआड येतं. तरीही वडगावातल्या आमच्या अंगणात, फणसाच्या झाडाखाली, 1978 ची एक प्रीमियर पद्मिनी उभी असायची. बाबा एका हायस्कूलात क्लार्क होते.

पद्मिनीची ओळख आजच्या विद्यार्थ्यांना करून द्यायला हवी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळची ती इटलीची फियाट 1100. पुढे तिचं ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगलाच बसवलेला, पुढची बैठक बाकासारखी सलग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे हीच. त्यातली शेवटची ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. आईनं विचारलं, “कोण गेलं?” बाबा म्हणाले, “आमच्यातलीच एक.”

बाबांनी आमची गाडी 2001 साली घेतली. लोक नव्या गाड्यांच्या मागे लागले होते, त्यामुळे जुनी फियाट क्लार्कला परवडेल अशा भावात मिळाली. परवडली नाही ती पुढची वीस वर्षं, असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजले की आमच्या अंगणात माणसं जमायची. सहा-सातजण असत. कुणाकडे स्वतःची जुनी गाडी, कुणाकडे नुसताच नाद. बोनेट उघडलं की सगळी डोकी आत. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पाठी दिसत. बोलणं मराठीत सुरू होई, कानडीत वळे, आणि नटबोल्टपाशी आलं की इंग्रजी होई. पाना हातातून निसटला की मात्र ज्याला त्याला आपापली मातृभाषाच आठवे. माझं काम चहा देणं आणि स्पार्क प्लग पॉलिश पेपरनं घासणं. ही माणसं मला काका, मामा, अण्णा, आबा म्हणून ठाऊक होती. सगळ्यांचे कपडे सारखेच मळलेले, सगळ्यांच्या नखांत तेच काळं ग्रीस. सोमवारी ही मंडळी कुठे जातात, काय करतात, हे विचारावं असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात बाबा गेले. गाडीवर ताडपत्री पडली. या वर्षी धाकट्या भावाच्या डिप्लोमाची फी भरायची वेळ आली आणि एके दिवशी एक गृहस्थ अंगणात येऊन उभे राहिले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “इंजिन वेगळं जाईल, दरवाजे वेगळे, काचा वेगळ्या. राहिलेला पत्रा भंगारात. रोख देतो.” आई मला म्हणाली, “तुझ्या बाबांची आठवण मलाही आहे, पण आठवणीवर फी भरता येत नाही. आठ दिवसांत काय ते ठरव.”

मी डिकी रिकामी करायला घेतली. आत हत्यारांची पिशवी होती, आणि त्यातली निम्मी हत्यारं आमची नव्हतीच. प्रत्येकावर बाबांनी चिठ्ठी बांधलेली: ‘डॉक्टरांचे, परत करणे’, ‘अण्णांचे, परत करणे’. क्लार्कच तो! गाडी जायच्या आधी ही परतफेड आपणच करावी असं मी ठरवलं. रविवारी आता कुणी येत नव्हतं. म्हणून मी सोमवारी निघाले.

पहिला मुक्काम कॅम्पात, डॉक्टरांकडे. डॉक्टर हे आमच्याकडचं टोपणनाव असावं असा माझा समज. बघते तर पांढरा कोट घातलेले खरेखुरे दातांचे डॉक्टर! मला द्यायची होती दांडीचा छोटा आरसा आणि एक बारीक आकडी. बाहेर चारपाच पेशंट गाल धरून बसले होते, तरी त्यांनी मला आत घेतलं. “इंजिनच्या मागच्या बाजूला डोकं घालता येत नाही, आरसा घालता येतो,” ते म्हणाले. “आणि कार्बोरेटरचं जेट म्हणजे दाताच्या मुळासारखं. लोक तार घालून साफ करतात, भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत सुटते. घाण काढायची, पण भिंतीला धक्का नाही.” आरसा त्यांनी परत घेतला नाही.

उद्यमबागेत मामा सापडले. एका फाउंड्रीत ते लाकडाचे पॅटर्न करतात. आमच्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकला होता, नवा कुठे मिळेना, तेव्हा मामांनी सागवानाचा पॅटर्न करून तो ओतून आणला होता. त्यांच्या फूटपट्टीवरच्या खुणा नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित लांब. “वितळलेलं बीड थंड होताना आकसतंय, शंभराला एकभर,” मामांनी सांगितलं. “म्हणून आधीच मोठं धरायचं. हितं मी रोज दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम करतो. माल कुठं जातोय, कशाला लागतोय, मला काय म्हाईत? जलमात एकच वस्तू अशी केली की ती चालती बघायला मी शेजारी उभा हुतो.”

अण्णा तर आमच्याच वडगावात, तीन गल्ल्या पलीकडे. आत पॉवरलूमचा एवढा खडखडाट की आम्ही खुणांनीच बोललो. गाडीचं वायरिंग अण्णा बघत. उंदरांनी वायरी कुरतडल्या की डेपोतला इलेक्ट्रिशियनही कंटाळे, पण अण्णा मांडी घालून बसत आणि शंभर वायरींतून तुटलेली एक बरोबर ओढून काढत. माग थांबवून ते म्हणाले, “ताण्यात शेकड्यांनी धागे असतात. तुटलेला एक शोधायचा आणि गाठ दिसणार नाही अशी मारायची. आमच्या आज्जापासून आम्ही दुसरं काय करतोय बाळ?”

बसडेपोतल्या काकांनी आधी कानडीतून विचारलं, “ऊट आयता, तंगी?” मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. ते बसगाड्यांचे ब्रेक बघतात. आमच्या गाडीच्या चारही चाकांचे ड्रम त्यांनीच सांभाळले. मी धीर करून विचारलं, “काका, सहा दिवस ब्रेक, रविवारी पुन्हा ब्रेकच? कंटाळा नाही येत?” ते हसले. “हितं गाडी साडेपाचला सुटायची म्हणजे सुटायची. मागनं हाक मारत्यात. तुमच्या अंगणात कोण हाक मारत न्हाई. एक ड्रम उघडून दोन तास बसलो तरी चालतंय. काम तेच, तंगी. घड्याळ माझं असतंय.”

सरांना शोधायला लांब जावं लागलं नाही. ते आपल्याच महाविद्यालयात कानडी शिकवतात आणि याच अंकाच्या पलीकडच्या विभागात त्यांचं लेखन असतं. तीन वर्षं मी त्यांना कॉरिडॉरमध्ये नमस्कार करत होते, पण अंगणात गाडीखाली आडवे झालेले ‘सर’ म्हणजे हेच, हे कॉलेजात कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. गाडीच्या पाटीवरचे आकडे झिजले होते, तेव्हा शिलालेखाचा ठसा घेतात तसा कागद ओला करून, ठोकून त्यांनी ते वाचले होते. मी त्यांना बाबांची वही दाखवली. पिशवीच्या तळाशी ती होती, लाल कापडी बांधणीची, शाळेच्या हजेरीपटासारखी.

सरांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. “नीट वाच,” म्हणाले. “ही तुमच्या एका गाडीची नाही.”

खरंच नव्हती. सातही गाड्यांची पानं होती. कुठला भाग कधी बदलला, कुणाकडून आला, किती किलोमीटरला तेल घातलं, विमा कधी संपतो, सगळं बाबांच्या वळणदार अक्षरात. आणि प्रत्येक नोंदीपुढे काम करणाऱ्याचं नाव. वीस वर्षांत बाबांचं स्वतःचं नाव एकदाही नव्हतं. मला एकदम आठवलं, बाबांच्या हातात पाना मी क्वचितच पाहिला होता. ते बाजूला खुर्ची टाकून बसत आणि लिहीत. लहानपणी मला त्याची थोडी लाजच वाटे. सगळे कामं करतात आणि आपले बाबा नुसते बसतात!

त्याचं उत्तर मला येळ्ळूरला मिळालं. आबा तिथे बासमती पिकवतात. भाताच्या पोत्यांशेजारी त्यांची 1960 ची फियाट उभी असते. पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारी ही गाडी. आपल्याकडे तिला प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. आबांनी एक फाइल पुढे ठेवली. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं नियम काढला. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षं चालते. मात्र गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. वीस नंबरचा फॉर्म, विमा, जुनं नोंदणीपुस्तक, सगळं बाबांनी क्रमानं लावून दिलेलं होतं. “मला सही सोडून काय येतंय?” आबा म्हणाले. “डॉक्टर, मामा, अण्णांनी मिळून गाडी जिवंत ठेवली. पण ती जिवंत हाय हे सरकारला पटवायला तुझा बाबाच लागला.”

मी तिथेच पोत्यावर बसून रडले. आबांनी रडू दिलं.

पुढचं सांगते, कारण वाचकांना वाटेल की सगळ्यांनी वर्गणी काढून गाडी वाचवली. तसं झालं नाही. कुणी तसं म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर आईनं घेतलं नसतं. आबांनी गाडी विकत घेतली. भंगारवाल्यानं सांगितला त्याच भावात, वर एक पोतं बासमती. आईनं घासाघीस केली असं तिला अजून वाटतं. भावाची फी भरली.

गाडी न्यायला एका रविवारी सगळे आले. दहा महिने थंड पडलेलं इंजिन सुरू व्हायला अकरा वाजले. डॉक्टरांनी जेट काढून साफ केलं, अण्णांनी एक वायर जोडली, काकांनी पेडल दाबून “निधान, निधान” म्हणत ब्रेक तपासले. आई पदर खोचून पुढच्या बाकावर आबांशेजारी बसली आणि येळ्ळूरपर्यंत गेली. परत येताना बसमध्ये म्हणाली, “हे बसायचे तिथं आज पहिल्यांदाच बसले. रस्ता चांगला दिसतो.”

अंगणात फणसाखाली आता चौकोनी कोरडी जागा आहे. तिकडे बघायचं मी टाळते. पण महिन्यातल्या एका रविवारी येळ्ळूरला जाते. सोमवारी ही माणसं कुठे असतात ते आता मला ठाऊक आहे, त्यामुळे चहा देताना हात कसा झाला आहे हेही बघते. मामांचं बोट करवतीत सापडलं होतं, ते बरं आहे. अण्णांच्या कानाला खडखडाटानं कमी ऐकू येतं. त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं.

घरी पाहुणे विचारतात, “बी.कॉम. झालीस की काय करणार?” मी बँकेच्या परीक्षा देणार आहे. टेबलामागे बसून आकडे भरण्याचं काम मिळेल बहुधा. पूर्वी याचं मला वाईट वाटे. आता तितकंसं वाटत नाही.

वही आबांनी माझ्याकडेच ठेवली. पद्मिनीच्या पानावर शेवटी मी लिहिलं आहे: ‘मालक बदलले. जेट डॉक्टर, वायरिंग अण्णा, ब्रेक काका. 2028 मध्ये 50 वर्षे पूर्ण. व्हीए नोंदणीचा अर्ज करणे.’ करणाऱ्याचं नाव लिहायला जागा होती. ती मी बाबांसारखीच रिकामी ठेवली आहे.