तार कुणाची, नेट कुणाचं?

आमच्या सोसायटीत इंटरनेटच्या बाबतीत पूर्ण निवडस्वातंत्र्य आहे. घ्यायचं किंवा नाही घ्यायचं! :-)

पुण्यात राहतो. गेटबाहेरच्या चौकात तीन कंपन्यांची होर्डिंग्ज आहेत. पण यातल्या कुणाचाही माणूस केबलचं भेंडोळं घेऊन आला की वॉचमन त्याला परत पाठवतो. बिल्डरच्या काळात एका कंपनीने चारही विंगमध्ये फायबर टाकलं, डक्टमध्ये आता दुसऱ्याला जागा नाही, आणि भिंतींवरून वायरी लोंबू द्यायच्या नाहीत असा कमिटीचा ठराव आहे. ठराव योग्यच आहे म्हणा. पण परिणाम असा की निवड शहरात आहे, जिन्यात नाही.

स्पीडबद्दल माझं काही म्हणणं नाही. नेट चालू असतं तेव्हा झकास चालतं. प्रश्न बंद पडल्यावर सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात तीन दिवस बंद होतं. त्यात दोनदा "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा एसेमेस आला! कस्टमर केअरवाल्या मुलाला मी म्हटलं, असंच चाललं तर कनेक्शन बंद करीन. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "चालेल सर." त्यालाही पत्ता दिसत होता ना. जिथून आपल्याला निघून जाता येत नाही, तिथे तक्रार ही तक्रार राहत नाही, विनंती होते.

मोबाइलचं बघा. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. तेव्हापासून "पोर्ट करतो" एवढे दोन शब्द उच्चारले की पलीकडचा आवाज बदलतो. आपण दहातल्या नऊ वेळा पोर्ट करत नाही, पण करू शकतो हे त्यांना माहीत असतं. फायबरच्या बाबतीत हे दोन शब्द आपल्याकडे नाहीत.

का नाहीत? कारण तार आणि सेवा एकाच कंपनीच्या हातात आहे. आपल्या भाषेत बोलायचं तर दोन वेगळी मॉड्यूल्स उगाच एकमेकांत गुंतवून ठेवली आहेत. काच स्वस्त असते हो, खर्च असतो खोदाईचा, परवानग्यांचा आणि मजुरीचा. दुसरी कंपनी आली तर तिला तेवढाच खर्च करून निम्मी गिऱ्हाइकं मिळणार. मग ती येईलच कशाला? आणि आलीच तर रस्ता पुन्हा खोदणार, ज्याचा अनुभव पुणेकरांना नव्याने द्यायची गरज नाही. रस्ता एकच असतो. त्यावरून एसटी जाते, खाजगी बस जाते, माझी स्कूटरही जाते. प्रत्येक बस कंपनीने आपापला रस्ता बांधावा असं कुणी म्हणत नाही.

हे काही नुसतं स्वप्नरंजन नाही. सिंगापूरने २००८ पासून नेमकं हेच करायला घेतलं. जाळ्याचे तीन थर केले: फायबर एकाचं, त्यावरची यंत्रणा दुसऱ्याची, आणि ग्राहकाला इंटरनेट विकणाऱ्या कंपन्या तिसऱ्या थरात, कितीही. २०१० मध्ये सेवा सुरू झाली. फायबरचं घाऊक भाडं नियामकाने ठरवलेलं, सुरुवातीला दर घरामागे महिन्याला १५ डॉलर (सिंगापूरचे), सगळ्या कंपन्यांना तेच. घरात भिंतीवर एक डबी असते आणि तिच्यात दोन पोर्ट. म्हणजे दुसऱ्या पोर्टवर नवी कंपनी चालू करून बघायची, मग जुनीला रामराम.

न्यूझीलंडने आणखी कडक अट घातली. सरकारी पैशाच्या फायबर योजनेत मोठा वाटा हवा, तर तारवाली आणि विकणारी कंपनी वेगळी करा. त्यापायी २०११ मध्ये टेलिकॉम न्यूझीलंड दुभंगली आणि कोरस ही नुसती तारांची कंपनी निघाली. तिने घरगुती ग्राहकाला थेट इंटरनेट विकायचं नाही. २०२२ च्या अखेरीस योजना पूर्ण झाली तेव्हा ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोचलेलं होतं.

आपल्याकडे हा विचार कुणाला सुचलाच नाही असंही नाही. २००४ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांना वापरायला द्याव्यात. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ही सक्ती आली नाही. आपसात ठरवा म्हणून सांगितलं गेलं. (त्याच धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं!) आपसात काय ठरलं ते तुम्हाला माहीतच आहे.

असो. देशाचं धोरण माझ्या हातात नाही, पण सोसायटीचा मीटर रूम आहे. म्हणून यंदाच्या सर्वसाधारण सभेत मी प्रस्ताव मांडला: प्रत्येक फ्लॅटपासून मीटर रूमपर्यंतचं फायबर सोसायटीने स्वतःच्या मालकीचं टाकावं, दर फ्लॅटला दोन धागे. कुठलीही कंपनी येईल ती मीटर रूमपर्यंत. तिथून कुणाचं कनेक्शन जोडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. कोटेशन दर फ्लॅटला वर्षभराच्या नेटच्या बिलापेक्षा कमी होतं.

"सध्या चालतंय ना?" हा आक्षेप अपेक्षितच होता. सोसायटीच्या ऑफिसला सध्याची कंपनी फुकट कनेक्शन देते, तेही कुणीतरी हळूच आठवून दिलं. खरा प्रश्न खजिनदारांनी विचारला: "बंद पडलं तर कंपनी म्हणणार तुमची तार, आपण म्हणणार तुमचं नेट. मग?" हा या पद्धतीचा खरोखरच कच्चा दुवा आहे. शिवाय रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली तर चार कंपन्या असूनही काही वेळा चारही बंद पडतील. माझं उत्तर इतकंच होतं की लिफ्टसारखा देखभालीचा करार करू, आणि तार तपासायचं मीटर त्या माणसाकडे असेल. दोष कुठे आहे ते मीटर सांगतं, भांडावं लागत नाही.

बी विंगमधल्या एक आजी शेवटी म्हणाल्या, "म्हणजे बंद पडलं तर मला दुसरा आणता येईल, एवढंच ना?" त्यांची मुलगी अमेरिकेत आहे, रोज सकाळी व्हिडिओ कॉल असतो. त्या तीन दिवसांत त्या जिन्यात उभं राहून मोबाइलची रेंज शोधत होत्या. मी पंधरा स्लाइड्स केल्या होत्या, आजींनी एका वाक्यात आटोपलं.

ठरलं असं की आधी फक्त बी विंगमध्ये करून बघायचं, विंगच्या सभेत बहुमत मिळालं तर. आणि आता गंमत ऐका. सभेनंतर तीन आठवड्यांत, अजून एक मीटरही फायबर टाकलेलं नसताना, सध्याच्या कंपनीचं पत्र आलं: सर्व रहिवाशांसाठी विशेष सवलत, त्याच पैशात दुप्पट स्पीड! झालं, आता निम्मे लोक म्हणतात, मग खर्च कशाला करायचा?

मला वाटतं, याच पत्रासाठी करायचा. नुसत्या चर्चेने एवढं मिळालं. पण चर्चा विसरली की सवलतही जाईल. तार आपली असेल तर तसं पत्र दरवर्षी येईल. विंगची सभा पुढच्या रविवारी आहे. बत्तीस फ्लॅट्सपैकी सतरा हवेत, आत्तापर्यंत मोजून चौदा झालेत. आज दुपारी सहाव्या मजल्यापासून पुन्हा बेल वाजवायला सुरुवात करतोय.