मणिपूरचे बांबूचे कोंब

इंफाळ शहर डोंगरांनी वेढलेल्या सुपीक खोऱ्यात वसले आहे. तेथील इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार, सर्वस्वी स्त्रियांच्या हाती आहे. पावसाळा सुरू झाला, की आसपासच्या डोंगरांतून बांबूचे कोंब विक्रीस येऊ लागतात. नवख्या प्रवाशाला ते सारे सारखेच भासतात. परंतु कोंब केव्हा व कसा तोडला, यावर त्याची चवच नव्हे, तर त्यातील द्रव्येही अवलंबून असतात.

ताज्या कोंबात सुमारे नऊ दशांश भाग पाणी असते. जमिनीतून नुकत्याच डोकावणाऱ्या कोंबात प्रथिने व अमिनो आम्ले अधिक असतात. दिवस लोटतात तशी ती घटत जातात आणि तंतूंचे प्रमाण वाढून कोंब लाकडासारखा निबर होऊ लागतो. प्रकाश लागला, की तो हिरवटतो व कडवटही होतो. म्हणूनच जपानातील क्योतो परिसरातले शेतकरी बांबूच्या बनात गवत व माती पसरतात आणि शेंडा मातीबाहेर येण्यापूर्वीच पहाटे कोंब खणून काढतात. तोडल्यानंतरही कोंबातील बदल थांबत नाहीत. तो जितका शिळा, तितका राठ.

या कडवटपणामागे टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य आहे. कोंब चिरला अथवा चावला, की पेशींतील विकरांशी त्याचा संयोग घडतो आणि हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष निर्माण होते. बुडख्यापेक्षा शेंड्याकडे हे द्रव्य अधिक असते. बांबूच्या जातीनुसारही त्याचे प्रमाण बदलते. विष असूनही माणसाने हे अन्न टाकले नाही, हे विशेष होय. चिरलेले कोंब उघड्या भांड्यात पुरेसे उकळले, की हे विष वाफेबरोबर निघून जाते. उरलेले पाणी मात्र फेकून द्यावयाचे असते.

मणिपुरी लोकांनी आणखी एक मार्ग शोधला. इंफाळच्या पूर्वेस असलेल्या आंद्रो गावी कोंबांच्या पातळ चकत्या मातीच्या मडक्यांत दाबून भरतात व सहा महिने ते वर्षभर आंबवतात. हेच तेथील सुप्रसिद्ध 'सोईबम'. चिरल्याने मोकळे झालेले विकर टॅक्सिफायलिनचे विघटन करतात, तर सूक्ष्म जीवाणू आंबट लॅक्टिक आम्ल तयार करून तो पदार्थ टिकवितात.

विदर्भात ज्यांना वास्ते म्हणतात, त्या आपल्याकडील कोंबांनाही हेच नियम लागू पडतात. तेव्हा कोंब घेताना तो कोवळा, जड व ताजा तोडलेला पाहून घ्यावा, त्याच दिवशी सोलून उकळावा आणि मुलांच्या हाती तो कच्चा कधीही देऊ नये. एवढी दक्षता घेतली, तर पावसाळ्यातील हे रानचे देणे कोणत्याही प्रांतातील कुटुंबाने आनंदाने पानात वाढावे.