बारा सेंटीमीटरची आजी

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची सीडी काढतोय, घरच्यांपुरती. आवाज साफ झाला, अडलंय कव्हरवर. (आजी आता नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपापली आजी हवीये.) नगरचा चुलतभाऊ म्हणतो, चांदबीबी महाल टाक. अरे, ती सलाबतखानाची कबर!

शनिवारभर जुनी कव्हरं पाहिली. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'वर ना नाव, ना चेहरे, नुसता प्रिझम. एलपीच्या ३० सेंटीमीटरवरून सीडीच्या १२ वर आला, तरी लांबून ओळखू येतो. आपल्या भक्तिगीतांवर देव, गायक, समई... सगळे मुंगीएवढे.

आत्या म्हणते, तबकडीवर फोटो छाप. पण मधलं १५ मिलिमीटरचं भोक नेमकं आजीच्या नाकावर! म्हणून तिथे जात्याचा वरचा दगड छापतोय. भोक तिथेच, जिथे ती दाणे टाकायची. आत्याला अजून सांगितलं नाहीये.